तिकडे तरी कुणी जाब विचारतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: समाजकार्यात एमएसडब्ल्यू झालंय, सहा वर्षं जिल्हा बाल संरक्षण कक्षात काढलीत, आता कंपनी नवऱ्याला न्यू जर्सीला पाठवतेय. तिथे याच कामात शिरता येईल का? आणि मूल घरातून उचलण्याआधी घर सावरायला मदत देणाऱ्या ज्या संस्था आहेत, त्यांना तिकडे तरी कुणी जाब विचारतं का? ताई म्हटलंत, म्हणून सरळ अगं-तुगंवर येते.

आधी कागदपत्रांचं उरकून टाकू. नवरा एल-१ व्हिसावर (कंपनीअंतर्गत बदलीचा) येत असेल तर तुला एल-२ या जोडीदाराच्या व्हिसावर थेट नोकरी करता येते. तो एच-१बी वर आणि तू एच-४ वर असशील तर साधारणपणे त्याच्या ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला आय-१४० हा अर्ज मंजूर होऊन तुला वर्क परमिट मिळेपर्यंत घरी बसावं लागेल. आपल्या पदवीचं मूल्यांकन सीएसडब्ल्यूई ही समाजकार्य शिक्षणाची इथली परिषद करते. तिथून निघण्याआधीच ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विद्यापीठाची अधिकृत गुणपत्रकं, काढून घे. इथून फोन करून विद्यापीठ हलत नाही, मी सात महिने करून पाहिलंय. समाजकार्याच्या लायसन्सची परीक्षा नंतर बघू.

आता मुद्द्याचं. जाब विचारतात, चांगलाच विचारतात. पण काय विचारतात ते नीट ऐक.

१९८० च्या इथल्या केंद्रीय कायद्याने मूल घराबाहेर काढण्याआधी ते घरीच राहावं म्हणून ‘वाजवी प्रयत्न’ करणं राज्यावर बंधनकारक केलं, आणि ते झाले की नाही हे न्यायाधीशाने तपासायचं. १९९७ पासून दुसरं टोक आलं: मूल मागच्या २२ महिन्यांपैकी १५ महिने फोस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारने ठेवलेल्या परक्या घरी, असेल, तर काही अपवाद सोडता राज्याला आईवडिलांचे हक्क संपवण्याचा अर्ज करावा लागतो. म्हणजे आईच्या डोक्यावर घड्याळ टिकटिकतंय. फोस्टर केअरमधल्या मुलाला केसवर्करने, म्हणजे त्याची केस सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने, दर महिन्याला भेटायचं, आणि राज्यभरात अशा भेटींपैकी ९५ टक्के झाल्याच पाहिजेत. नाहीतर खर्चातला केंद्राचा वाटा कमी होतो. शिवाय २००१ पासून केंद्र सरकार प्रत्येक राज्याची तपासणी फेऱ्याफेऱ्यांनी करतं. पहिल्या फेरीत सगळ्या निकषांवर एकही राज्य पास झालं नाही. नापास झालं की सुधारणा आराखडा लिहायचा. आराखडे लिहिण्यात सगळी राज्यं तरबेज झाली आहेत.

न्यू जर्सीला खरी ताळ्यावर आणली ती कोर्टाने. १९९९ मध्ये मुलांच्या वतीने राज्यावर सामूहिक दावा दाखल झाला, २००३ मध्ये तडजोड झाली, ती नीट पाळली जाईना म्हणून २००६ मध्ये नव्याने लिहिली. कोर्टाने नेमलेली निरीक्षक आकड्यांसकट जाहीर अहवाल देत राहिली, वर्षानुवर्षं. तडजोडीतलं एक कलम मला सोन्यासारखं वाटतं: केस पुढे चालवणाऱ्या एका केसवर्करकडे जास्तीत जास्त १५ कुटुंबं आणि घराबाहेर ठेवलेली १० मुलं. तुझ्याकडे आत्ता किती आहेत गं? मोजलं तर उगाच रडू येईल. पण यात मोजता येणारी गोष्ट होती, आणि मोजल्यावर माणसं भरावी लागली.

आता तू ज्या बाजूला येशील ती बाजू. २०१८ च्या कायद्याने फोस्टर केअरसाठीचा केंद्राचा पैसा मूल घरातून काढण्याआधीही वापरायला परवानगी दिली: मानसिक आरोग्य, व्यसनमुक्ती आणि घरी येऊन पालकत्वाची कौशल्यं शिकवणं, एका वेळी १२ महिन्यांपर्यंत. अट अशी की कार्यक्रम पुराव्यावर उतरलेला हवा. तो तपासून श्रेणी देणारी केंद्राची वेगळी यंत्रणा आहे. ऐकायला उत्तम. पण या यादीत घरभाडं नाही. रात्री मुलांजवळ झोपणारा माणूस नाही. आणि इथे दरवर्षी जी मुलं पीडित ठरतात, त्यांतली सुमारे तीन-चतुर्थांश मारहाणीची नसून दुर्लक्षाची असतात. त्या दुर्लक्षाचं पोट फाडलंस तर बहुतेक वेळा आत गरिबी निघते.

माझी एक केस सांगते. ओळख पटणारे तपशील बदलले आहेत. आई गोदामात रात्रपाळीला. मुलगा सात वर्षांचा, बहीण तीनची. मुलाने शाळेत सहज सांगितलं, ‘रात्री बाळाला मीच झोपवतो.’ राज्याच्या बालसंरक्षण हॉटलाइनला फोन गेला. (न्यू जर्सीत संशय आल्यावर कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, फक्त शिक्षक-डॉक्टरांना नाही.) आमच्या संस्थेला तिला पालकत्वाचा कार्यक्रम द्यायला सांगितलं. मी आठवड्यातून एकदा जायचे. ती रात्रभर उभी राहून आलेली, डोळे तांबारलेले, आणि मी तिला मुलाचं कौतुक कसं करावं ते शिकवतेय. तिला ते माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. माझी सत्रं पद्धतीबरहुकूम होतात का, हे सुपरवायझर तक्त्यावर गुण देऊन तपासायची. मला जवळपास पैकीच्या पैकी. कार्यक्रम पूर्ण, फाइल बंद.

पाच महिन्यांनी पुन्हा तोच फोन. या वेळी मुलं चार महिने परक्या घरी राहिली. आणि आमच्या वार्षिक अहवालात हे कुटुंब ‘यशस्वी’ या रकान्यात होतं, कारण करारात मोजायचं होतं ते कार्यक्रम पूर्ण झाला की नाही एवढंच. खोटं कुणीच बोललं नव्हतं. सगळ्यांनी जाब दिला होता.

विस्कॉन्सिनच्या विन्नेबेगो काउंटीतल्या चार वर्षांच्या जोशुआची केस तुला वाचावीच लागेल. घरात कुणीतरी त्याला मारतंय असा संशय केसवर्करने वेळोवेळी फाइलमध्ये इमानदारीने नोंदवला. १९८४ मध्ये बापाच्या मारहाणीने त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. १९८९ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, बापापासून त्याला वाचवण्याची घटनात्मक जबाबदारी राज्यावर नव्हती. नोंदी मात्र चोख होत्या.

म्हणून मी नोंद लिहायची पद्धत बदलली. पहिल्या ओळीत कार्यक्रमाचं नाव लिहीत नाही, घरात काय कमी आहे ते लिहिते: ‘रात्री १० ते ६ मुलांजवळ प्रौढ माणूस नाही. आईने तीन वेळा दिवसपाळी मागितली, मिळाली नाही.’ खाली तारखेसकट: कुणाला काय मागितलं, काय उत्तर आलं. सुपरवायझरला ते आवडलं नाही, ‘हे आपल्या सेवेत बसत नाही’ म्हणाली. बसत नाही हेही लिहिलं. पुढे दुसऱ्या एका केसमध्ये न्यायाधीशांनी माझी तशीच ओळ मोठ्याने वाचून विभागाच्या वकिलाला विचारलं, पाळणाघराच्या अनुदानासाठी तुम्ही अर्ज केला होता का, मावशीला विचारलं होतं का? उत्तर नव्हतं. सुनावणी दोन आठवड्यांनी पुढे गेली, आणि तेवढ्यात मावशी सापडली.

मुलाखतीत तुलाही विचारायची संधी देतील. तेव्हा दोनच गोष्टी विचार: तुमच्या करारात यश कशाला म्हणतात, आणि सेवा संपल्यावर सहा महिन्यांनी मुलं कुठे आहेत हे कोण बघतं? दुसऱ्या प्रश्नाला कुणी पटकन उत्तर दिलं तर तिथली नोकरी घे, पगार थोडा कमी असला तरी.

आणि गाडी तिथूनच शिकून ये. गाडीशिवाय हे काम मिळत नाही, आणि इथे आल्यावर नवरा शिकवायला बसला की घरीच केस उघडायची वेळ येते. नावं काढलेल्या नोंदींचा एक कोरा नमुना बनवून ठेवलाय, तारीख ठरली की कळव, पाठवते.