डॉक्टरने डिस्चार्ज कार्ड, टीपीएची उत्तरं चॅटजीपीटीकडून लिहून घेतली तर चालतं का?

तुम्ही लिहिलंय की मिसेस एमडी मेडिसिन आहेत, स्वतःचं छोटं हॉस्पिटल आहे, ओपीडी आठला संपते पण डिस्चार्ज कार्डं, इन्शुरन्सच्या क्वेऱ्या आणि पेशंटचे व्हॉट्सॲप उरकेपर्यंत रात्रीचे बारा होतात, तर हे काम चॅटजीपीटीला लावावं का, आणि एआय स्क्राइब (ओपीडीतलं बोलणं ऐकून नोट लिहिणारं सॉफ्टवेअर) विकणारा एकजण मागे लागलाय तर ते घ्यावं का. मी पण डॉक्टर, तालुक्याच्या गावी असंच हॉस्पिटल चालवतो, आणि चॅटजीपीटी बऱ्यापैकी वापरतो. माझं मत असं की लिहायला खुशाल लावा, पण जे मॅडम स्वतः शेवटपर्यंत वाचणार नाहीत ते लिहायला लावू नका, कारण यात टायपिंग वाचतं, वाचायचा वेळ वाचत नाही.

सगळ्यात जास्त फायदा टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीतर्फे क्लेम तपासणाऱ्या एजन्सीच्या, क्वेरीला. पेशंट पिशव्या भरून बसलाय, नातेवाईक दर दहा मिनिटांनी काउंटरवर येऊन "झालं का अप्रूव्हल" विचारतायत, आणि तिकडून येतं की ॲडमिट का केलं, ओपीडीवर का भागलं नाही, शुगर कधीपासून आहे, पहिल्या कन्सल्टेशनचा कागद पाठवा. 2024 ला आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, नियम काढला की कॅशलेसची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची, तरी क्वेरी पडली की पेशंट बसलेलाच. आता समजा न्यूमोनिया आहे, मी नुसतं तुटक टाकतो की वय 72, श्वास मिनिटाला 30, यूरिया वाढलेला, सॅच्युरेशन 88, तोंडाने काही राहत नाही. त्यावरून चॅटजीपीटी नीट परिच्छेद करून देतो की कर्ब-65 चा (न्यूमोनिया किती गंभीर ते सांगणारा) स्कोअर 3 आहे, ऑक्सिजन आणि सलाईनमधून अँटिबायोटिक लागणार होतं, म्हणून घरी उपचार शक्य नव्हता. मला हे येत नाही असं नाही, पण रात्री अकराला, दिवसभर पेशंट बघून झाल्यावर, सभ्य इंग्रजीत तेच ते लिहायचं म्हणजे डोकं चालत नाही आणि चिडून काहीतरी लिहिलं जातं.

डिस्चार्ज कार्डाला मात्र सांभाळा, चॅटजीपीटीला रिकामी जागा बघवत नाही. असाच एक न्यूमोनियाचा पेशंट होता, मी दिलेल्या मुद्द्यांत डिस्चार्जच्या दिवशीची तपासणी लिहिलेलीच नव्हती, तर ड्राफ्टमध्ये आलं की 48 तासांपासून ताप नाही, छाती दोन्ही बाजूंनी क्लिअर, व्हायटल्स स्थिर. वाचायला एकदम गुळगुळीत. प्रत्यक्षात आदल्या दिवशी पहाटे सिस्टरच्या टीपीआर चार्टवर (ताप, नाडी, श्वासाची नोंद) 100 ताप होता आणि डाव्या बाजूला खाली क्रेप्स (स्टेथोस्कोपने ऐकू येणारा चरचर आवाज) होत्याच, फक्त कमी झाल्या होत्या. इन्शुरन्सवाले इनडोअर पेपर मागवतात, सिस्टरच्या चार्टचा आणि कार्डाचा मेळ बसला नाही की क्लेम अडकला, आणि उद्या ग्राहक आयोगात गेलं तर "एआयने लिहिलं" म्हणून सुटका नाही, खाली सही आणि रजिस्ट्रेशन नंबर आपला. त्याहून वाईट म्हणजे पेशंट दम लागून दुसरीकडे गेला तर तिथला डॉक्टर ती क्लिअर छाती खरी धरूनच पुढचा विचार करणार. चुणचुणीत पण पेशंट न बघितलेला आरएमओ (हॉस्पिटलचा निवासी डॉक्टर) जसा कार्ड लिहील तसं हे आहे. म्हणून मी दरवेळी वर एक ओळ चिकटवतो, "मी दिलं नाही ते लिहू नकोस, माहिती नसेल तिथे कंसात 'राहिलं' असं लिही". त्यानेही पूर्ण थांबत नाही पण बरंच कमी होतं. औषधं, डोस, डावी-उजवी बाजू, तारखा हे तर त्याच्याकडे देतच नाही, ते केस पेपरवरून आपण भरायचं.

वेळ किती वाचतो म्हणाल तर अमेरिकेत हे मोठ्या प्रमाणावर करून बघितलंय. 2023 ला एपिक म्हणजे तिथलं मोठं हॉस्पिटल सॉफ्टवेअर, त्यात जीपीटी-4 जोडलं, पेशंटने मेसेज केला की डॉक्टरला तयार उत्तराचा ड्राफ्ट दिसतो. सॅन डिएगोच्या विद्यापीठाच्या हॉस्पिटलने 2024 ला आकडे छापले तर डॉक्टरांचा वाचायचा वेळ वाढलेला, उत्तरं लांब झालेली, आणि उत्तर द्यायचा वेळ काही कमी नाही. स्टॅनफर्डलाही वेळ वाचला नाही, पण डॉक्टर म्हणाले डोक्यावरचा ताण कमी झाला. मला हे पटतं, कोऱ्या पानापासून सुरुवात करायची नसली की निम्मा कंटाळा जातो. त्याच वर्षी बोस्टनच्या डॉक्टरांनी कॅन्सर पेशंटचे काल्पनिक प्रश्न देऊन ड्राफ्ट तपासले तर न सुधारता पाठवले असते तर 7 टक्क्यांच्या आसपास ड्राफ्टनी गंभीर इजा होऊ शकली असती. त्यामुळे "वाचल्याशिवाय सेंड नाही" हा नियम घरात भांडून का होईना लावा.

पेशंटला द्यायचे मराठी कागद, याचा मला स्वतःला टीपीएपेक्षा जास्त आनंद आहे. आधी आम्ही औषध कंपनीने दिलेली पत्रकं वाटायचो, कोणी वाचत नव्हतं. फक्त पहिला ड्राफ्ट वापरू नका, त्याची मराठी सरकारी परिपत्रकासारखी येते, "औषधाचे सेवन करावे" वगैरे. आमच्या डेंग्यूच्या कागदाचं सांगतो. पहिल्या ड्राफ्टमध्ये वर विश्रांती घ्या, भरपूर पाणी प्या, डास चावू देऊ नका, आणि पार खाली कुठेतरी धोक्याची लक्षणं. पण डेंग्यूत घरचे फसतात ते ताप उतरल्यावर, बरं वाटतंय म्हणून निवांत होतात आणि नेमके तेच 24 ते 48 तास धोक्याचे असतात. मग मी त्याला सांगितलं की ही ओळ सगळ्यात वर मोठ्या टायपात घे, खाली पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यातून नाकातून रक्त, सुस्ती, लघवी कमी, यातलं काहीही झालं तर रात्री दोनला पण या, आणि तापाला फक्त पॅरासिटामॉल, ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन नाही. वाक्यं छोटी, चौथी शिकलेल्या आजीला नातीने वाचून दाखवलं तर कळतील अशी. छापायच्या आधी आमच्या सिस्टरला वाचायला दिलं, तिने अजून चार शब्द बदलले. इन्सुलिनच्या कागदातही तसंच, त्याने लिहिलं फ्रिजमध्ये ठेवा, अहो वस्तीवर फ्रिज कुठला, आणि असला तर लोक फ्रीझरमध्ये घालून गोठवतात. तिथे माठात ठेवायचं सांगावं लागतं, ते आपणच घालायचं. असे दहा-बारा कागद एकदा नीट बसवले की वर्षभर कामाला येतात.

पेशंटच्या व्हॉट्सॲपला परस्पर उत्तर द्यायला मात्र अजिबात लावू नका. 2020 च्या टेलिमेडिसिन गाइडलाइनमध्ये स्पष्ट आहे की एआयने डॉक्टरला मदत केली तर चालेल, पण पेशंटला सल्ला देणं किंवा औषध लिहून देणं त्याला परवानगी नाही. आणि "छातीत जरा भरल्यासारखं होतंय" या मेसेजला कोणीही गोड उत्तर लिहिण्यापेक्षा फोन लावलेला बरा.

अजून एक, तुमच्या स्टाफला आजच सांगा की रिपोर्टचा फोटो जसाच्या तसा टाकायचा नाही. वर नाव, मोबाईल, कधी आधार नंबर पण असतो. माहिती संरक्षणाचा कायदा 2023 ला आलाय, पण कायदा बाजूला ठेवा, छोट्या गावात नाव काढून उपयोग नाही, गाव, वय आणि आजार लिहिला की कोण ते सगळ्यांना कळतं. मी फक्त "सत्तरीचा पुरुष" इतकंच देतो.

राहिला स्क्राइब. म्हणजे ओपीडीत माईक ठेवायचा आणि बोलणं ऐकून तो नोट लिहिणार. शांत खोलीत एक पेशंट, एक डॉक्टर, इंग्रजीत बोलतायत, तिथे चांगलं चालतं. माझ्याकडे पेशंटबरोबर सून, मुलगा आणि शेजारी येतो, तिघं एकदम बोलतात आणि पेशंट गप्प असतो. शिवाय व्हिस्पर नावाचं आवाजावरून लिहिणारं मॉडेल पुष्कळ ठिकाणी वापरतात, 2024 च्या एका अभ्यासात त्याने 1 टक्का क्लिपमध्ये कोणी न बोललेली वाक्यं घातली होती. माझ्याकडेही असाच एक विकणारा आला होता, लॅपटॉपवर छान चकाचक डेमो दाखवला. मी म्हटलं वर्षाचे पैसे नंतर बोलू, आवाजाची फाइल कुठे साठवता ते लेखी द्या आणि बाजाराच्या दिवशी सकाळी अकराला चालू ओपीडीत लावून दाखवा. तेव्हापासून फोनवर बोलणं होतं, पण बाजाराच्या दिवशी काही आला नाही. तुमच्यावाल्यालाही असंच बोलवून बघा.