गैरहजर की बेपत्ता?

करवीर तालुक्यातील एका निवृत्त सुभेदारांचे चार पानी पत्र आले आहे. त्यांचा मुलगाही सैन्यात असून, जम्मू भागातील युनिटमधून तो रजेवर घरी आला होता. रजा संपल्यावर कोल्हापूरहून हजरत निजामुद्दीन एक्स्प्रेसने निघाला, तो युनिटला पोहोचलाच नाही. या गोष्टीला अकरा महिने होत आले. पोलिसांत ‘मिसिंग’ची नोंद झाली ती चौथ्या महिन्यात. पाच महिन्यांपूर्वी आलेल्या रेकॉर्ड ऑफिसच्या (जवानांच्या सेवेचे दप्तर ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाच्या) पत्रात मुलाला ‘डेझर्टर’, म्हणजे सैन्यातून पळालेला, ठरवल्याचे कळवले असून, त्या शब्दाखाली सुभेदारांनी तांबड्या शाईने तीन रेघा ओढल्या आहेत. पगार बंद आहे, सून व चार वर्षांची नात घरी आहेत, आणि ‘सात वर्षे थांबा, मग सगळे मिळते’ असे कोणीतरी त्यांना सांगितले आहे. गडहिंग्लज, चंदगड, शिरोळ या बाजूंनी अशी पत्रे याआधीही आली आहेत. म्हणून एक वकील या नात्याने उत्तर येथे सविस्तर देतो.

सुभेदारसाहेब, मुलाला कोठे कोठे शोधावे हे मी तुम्हाला सांगण्याची गरज नाही. मिरजेपासून भुसावळ, भोपाळपर्यंतची स्थानके तुम्ही हातात फोटो घेऊन पालथी घातली आहेत. मला बोलायचे आहे ते फक्त एका कलमाविषयी, कारण तुमच्या प्रकरणातील इतर सर्व प्रश्न त्याच्या मागे उभे आहेत. ते म्हणजे सेना अधिनियम, 1950 चे कलम 106.

जवान परवानगीशिवाय सलग तीस दिवस कामावर नसेल, तर शक्य तितक्या लवकर कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे सैन्याची अंतर्गत चौकशी, बसवावी, असे हे कलम सांगते. त्या चौकशीत शपथेवर साक्षी होतात, आणि तो परवानगीशिवाय किंवा ‘अन्य पुरेशा कारणाशिवाय’ गैरहजर आहे अशी कोर्टाची खात्री पटली, तर तसे जाहीर करून त्याची नोंद युनिटच्या दप्तरात होते. त्यानंतर तो स्वतः हजर झाला नाही किंवा पकडला गेला नाही, तर पोटकलम 2 प्रमाणे तो डेझर्टर ‘मानला जातो’. कोणी त्याचा खटला चालवलेला नसतो, तो पळाला असे कोणी पाहिलेले नसते. तीस दिवस, एक चौकशी आणि कायद्याने धरलेले एक गृहीतक एवढ्यावर जवान भगोडा ठरतो. तुम्ही अठ्ठावीस वर्षे वर्दीत काढलीत, अशा चौकशीत स्वतः सदस्य म्हणूनही बसला असाल. म्हणून हे कलम तुम्हाला माहीत नव्हते असे मी मानत नाही.

आता ‘अन्य पुरेशा कारणाशिवाय’ हे शब्द पुन्हा वाचा. गाडीतून पडून, आजारी होऊन, कोणी गुंगीचे औषध देऊन लुटल्यामुळे किंवा आणखी कोणत्या कारणाने जो युनिटपर्यंत पोहोचूच शकला नाही, त्याच्याजवळ पुरेसे कारण असू शकते. मात्र ते कारण चौकशीपुढे कोणीतरी मांडावे लागते. 1954 च्या सेना नियमांपैकी नियम 183 मध्ये याची सोय आहे. गैरहजर माणसाच्या बाजूने जे साक्षीदार पुढे येऊ इच्छितील, त्यांचे म्हणणे कोर्टाने ऐकून घ्यावे आणि निष्कर्ष काढताना त्याला योग्य ते वजन द्यावे, असे तो नियम म्हणतो. तुमच्या मुलाच्या बाजूने पुढे कोण आले? कोणीही नाही. उलट, युनिटमधून चौकशीचा फोन आला तेव्हा ‘घरात थोडी कुरबुर झाली होती, रागाने कोठे गेला असेल, येईल’ असे तुम्ही बोललात आणि तेच वाक्य कागदावर गेले असावे, असे तुमच्याच पत्रातून दिसते. त्या वेळी पोलिसांतील नोंद हातात असती, तर चौकशीपुढे दोन पर्याय राहिले असते: गैरहजर किंवा बेपत्ता. नोंद नव्हती, त्यामुळे एकच राहिला. ‘नाव खराब होईल’ म्हणून तुम्ही तीन महिने पोलिस ठाण्याची पायरी चढला नाहीत. ते मी एक बाप म्हणून समजू शकतो, वकील म्हणून नाही.

जे झाले ते अजून सुधारता येईल, पण वेळ थोडा आहे. सशस्त्र दल न्यायाधिकरण अधिनियम, 2007 च्या कलम 22 प्रमाणे, अंतिम आदेशापासून सहा महिन्यांच्या आत या न्यायाधिकरणाकडे, म्हणजे फौजींच्या सेवेचे दावे ऐकणाऱ्या न्यायपीठाकडे, अर्ज करावा लागतो. तुमच्याकडील पत्रावरच्या तारखेपासून मोजले, तर मी हे लिहितो त्या दिवशी तेवीस दिवस उरले आहेत. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. तथापि ज्याच्या प्रकरणात आधीच एक उशीर नडला आहे, त्याने दुसरा अंगावर घेऊ नये. न्यायाधिकरण सामान्यतः अगोदर खात्यांतर्गत दाद मागितली आहे का हे पाहते. म्हणून रेकॉर्ड ऑफिसला आणि कमांडिंग ऑफिसरला सविस्तर निवेदन याच आठवड्यात स्पीड पोस्टाने गेले पाहिजे, आणि त्याची पोच जपून ठेवली पाहिजे. त्या निवेदनावर सहा महिने काहीच उत्तर आले नाही, तर त्यानंतर पुढील सहा महिन्यांत अर्ज करण्याची मुभा त्याच कलमात आहे. परंतु तुमचे निवेदन नव्याने मुदत सुरू करणारे मानावे की नाही यावर वाद होऊ शकतो, म्हणून त्या मुभेवर विसंबून राहू नका. उत्तर आले नाही तरी तेवीस दिवसांच्या आतच अर्ज दाखल करण्याची तयारी ठेवा. न्यायाधिकरणाचे आपल्यासाठीचे खंडपीठ मुंबईत आहे. उच्च न्यायालय कोल्हापुरात आपल्या भाऊसिंगजी रोडवर यायला कित्येक दशकांचे आंदोलन लागले आणि ऑगस्ट 2025 मध्ये त्याचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले, मात्र फौजींच्या सेवेचे दावे अजूनही महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईलाच न्यावे लागतात.

निवेदनात मागणी एकच असावी: चौकशीच्या वेळी उपलब्ध नसलेला पुरावा आता आहे, म्हणून चौकशी पुन्हा बसवावी आणि डेझर्टर ही नोंद रद्द करून ‘बेपत्ता’ अशी करावी. सोबत मिसिंग नोंदीची साक्षांकित प्रत, रजेचा दाखला, आरक्षित तिकिटाचा तुमच्या मोबाइलवरील फोटो छापून, आणि त्याला स्थानकावर सोडायला गेलेल्या तुमच्या पुतण्याचे प्रतिज्ञापत्र जोडा. घरात राहिलेली त्याची काळी ट्रंक आणि बँकेचे पासबुक यांचा तुम्ही पत्रात ओझरता उल्लेख केला आहे. माझ्या दृष्टीने पासबुक महत्त्वाचे आहे. पळून जाण्याचा बेत असलेला माणूस खाते रिकामे करतो; तुमच्या मुलाच्या खात्यातून निघाल्यानंतर एक रुपयाही काढलेला नाही. बँकेकडून तसा उतारा घ्या. चौकशीच्या कागदांसाठी माहितीच्या अधिकारात वेगळा अर्ज करा. सैन्य त्या कायद्यातून वगळलेले नाही, मात्र काही भाग देण्यास ते नकार देऊ शकतात.

कुटुंब निवृत्तिवेतनाचा मार्गही याच दुरुस्तीतून जातो. बेपत्ता कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला पोलिस तक्रारीच्या तारखेपासून सहा महिने उलटल्यावर, ‘शोध लागला नाही’ या पोलिस अहवालासह व हमीपत्र देऊन निवृत्तिवेतन मागता येते. तुमच्या नोंदीला सात महिने झाले आहेत, म्हणजे तो काळ पुरा झाला आहे. अडते ते डेझर्टर या शब्दापाशी, कारण तो शब्द कायम राहिला तर गैरहजेरीच्या दिवसांचा पगार कापला जातो, पुढे बडतर्फी येऊ शकते आणि बडतर्फ जवानाच्या कुटुंबाचा हक्क बहुधा उरत नाही. येथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. ही मागणी करण्याचा पहिला हक्क सूनबाईंचा आहे, तुमचा नव्हे. चार पानांत त्यांचा उल्लेख दोनदा आला आहे आणि दोन्ही वेळा ‘घरी आहे’ एवढाच. अर्जावर सही त्यांची हवी आणि पुढच्या भेटीला त्याही हव्यात.

सात वर्षांचा सल्ला ज्यांनी दिला, त्यांनी दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. सात वर्षे काही ऐकू आले नाही तर माणूस जिवंत असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते, हा पुराव्याचा नियम आहे. पूर्वी तो 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 108 मध्ये होता, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 111 मध्ये आहे. निवृत्तिवेतनासाठी तोवर थांबावे असे त्यात कोठेही नाही. शिवाय या नियमाने मृत्यूची तारीख ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली आयुर्विमा महामंडळ विरुद्ध अनुराधा या प्रकरणात ते स्पष्ट केले आहे: माणूस बेपत्ता झाला त्या दिवशी किंवा सात वर्षे संपली त्या दिवशी मेला असे गृहीत धरता येत नाही. त्याचा थेट परिणाम विम्यावर होतो. मुलाच्या पॉलिसीचा हप्ता पगारातून कापला जात होता आणि पगार बंद झाल्याने तो थांबला आहे, असे तुमच्या कागदांवरून दिसते. हप्ता थांबला की पॉलिसी बंद पडू शकते, आणि पुढे मृत्यू मानला गेला तरी दावा फेटाळला जाऊ शकतो. ती पुन्हा चालू करता येईल का, हे शाखेत जाऊन विचारा. येत असेल, तर थकलेले हप्ते आज तुम्हाला जड वाटले तरी भरा.

पोलिसांच्या बाबतीत मी जास्त आशा दाखवणार नाही. स्थानकांवरील कॅमेऱ्यांचे चित्रण फार दिवस ठेवले जात नाही. ते आता गेले असे समजा. मोबाइलचे कॉल रेकॉर्ड मात्र कंपन्यांनी किमान दोन वर्षे जपावे असा नियम आहे, आणि ते मागवण्याचा अधिकार पोलिसांना आहे, तुम्हाला नाही. तपास अधिकाऱ्याला तसे लेखी द्या आणि प्रत पोलिस अधीक्षकांना व लोहमार्ग पोलिसांना पाठवा. अनोळखी मृतदेहांच्या नोंदींशी पडताळण्यासाठी तुमचा व तुमच्या पत्नीचा डीएनए नमुना घ्यावा, अशी विनंतीही त्याच अर्जात करा. ती लिहिताना हात थरथरेल हे मला समजते. हेबियस कॉर्पसविषयी, म्हणजे डांबलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा असे सांगणाऱ्या याचिकेविषयी, तुम्ही विचारले आहे. मुलाला कोणी डांबून ठेवले आहे असे दाखवता आले नाही, तर त्या याचिकेत फारसे हाती लागेल असे मला वाटत नाही. तपासावर देखरेख ठेवण्यासाठी सर्किट बेंचपुढे रिट याचिका करता येईल, पण ते नंतर.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट सांगतो. उद्या मध्यरात्री तो दारात उभा राहिला, तर त्याला घरात ठेवून घेऊ नका. डेझर्टरला जाणूनबुजून आसरा देणे गुन्हा आहे. त्यातून कायद्याने फक्त पती-पत्नीला वगळले आहे, आई-वडिलांना नाही. त्याला पाणी द्या, तब्येत बिघडलेली असेल तर त्याच रात्री लष्करी किंवा सरकारी रुग्णालयात न्या, आणि सकाळी स्वतः सोबत जाऊन टेंबलाई टेकडीवरील लष्करी ठाण्यात हजर करा. स्वतः हजर होणारा आणि पकडून आणलेला यांत सैन्य फरक करते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

सोमवारी सकाळी सूनबाईंसह या. मूळ कागद आणा, झेरॉक्स नको; विशेषतः रेकॉर्ड ऑफिसचे पत्र ज्या पाकिटातून आले ते पाकीट, कारण त्यावरील टपालाच्या शिक्क्याची तारीख पत्रातील तारखेनंतरची असेल, तर ते पत्र तुमच्या हाती केव्हा पडले हे आपल्याला दाखवता येईल.