'करतो गं' म्हणणाऱ्या मुलाला

ताई, मी 31 वर्षांचा. नोकरी पुण्यात, आई वाईला. तिला मधुमेह आहे, दोन वेळा इन्सुलिन घ्यावं लागतं. ते आणायचं काम माझ्याकडे. गेल्या महिन्यात शनिवारी येतो म्हणालो, गेलो नाही, कळवायचंही राहिलं. रविवारी बाटली संपली. रात्री साडेनऊला बहीण लेकराला कडेवर घेऊन उघडं मेडिकल शोधत फिरली. आई एवढंच म्हणाली, 'असू दे, तो कामात असतो.' तेव्हापासून पहाटे 5 ला उठायचं, व्यायाम, मोबाइल बंद असं कडक वेळापत्रक केलंय. चार दिवसांत मोडतं. शिस्त कशी लावू?

पहाटे पाचला उठलास तर आईला काय मिळणार, ते आधी सांग. तू सातला उठतोस म्हणून बाटली संपली नाही.

ते 'असू दे' तुला लागलं, बरं झालं. रागावणारं माणूस अजून आपली वाट बघत असतं. माझंच सांगते. सासूबाईंचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात बँकेत द्यायचा असे. एका वर्षी 'नेते हो' म्हणत मी महिना घालवला आणि त्यांची पेन्शन अडकली. त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या नोव्हेंबरात मात्र शेजारच्या मुलाच्या स्कूटरवर बसून परस्पर जाऊन आल्या. मला पत्ता लागला तो टेबलावर पासबुक दिसल्यावर. मग मीही शिस्तीसाठी एक जाड डायरी आणली. तिचं काय झालं ते विचारू नकोस.

कामाला आला तो साधा हिशेब. आपल्याकडे मिळणारी 10 मिलिलिटरची, मिलिलिटरला 40 युनिटची बाटली म्हणजे 400 युनिट. समजा आई सकाळी 14 आणि रात्री 6 घेते (खरा आकडा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बघ), तर 20 दिवस. बाटली कधी संपणार हे ती फोडली त्याच दिवशी ठरलेलं असतं, तुझ्या ऑफिसात काहीही चालू असो. तेव्हा नवी बाटली फोडली की आठवड्याच्या आत पुढची फ्रिजमध्ये हवी. फ्रीझरमध्ये नको, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. आणि ती पुण्याहून तूच नेली पाहिजे असा हट्ट कशाला? वाईतल्या मेडिकलवाल्याशी बोलून ठेव, पैसे मोबाइलवरून पाठव.

वेळापत्रक तूर्त गुंडाळ. त्याऐवजी 'करतो गं' म्हणणं बंद कर. वार सांग, नाहीतर 'मला जमणार नाही' म्हण. बेत फिरला तर शुक्रवारीच कळव. बहिणीला तुझा नकार चालेल, ती दुसरी सोय करेल. तू गप्प बसलास म्हणून तिला रात्री बाहेर पडावं लागलं.

तिच्याकडे साडी घेऊन माफी मागायला जाऊ नकोस. आईची कुठकुठली कामं ती करते, ते विचार. यादी ऐकून दम लागेल. त्यातलं एकच उचल, सहा महिने तेवढंच कर. मध्ये एखाद्या वेळी चुकशील, तेव्हा त्याच दिवशी फोन कर आणि नवा संकल्प करत बसू नकोस.

आणि हो, सिरिंज घेताना टोपण बघ. मिलिलिटरला 40 युनिटच्या बाटलीला लाल टोपणाची, 100 युनिटच्या बाटलीला नारिंगी. अदलाबदल झाली तर डोसच चुकतो. दुकानात जुनी बाटली दाखव, अंदाजाने उचलू नकोस.