सामू ५.२ आला म्हणून लगेच चुन्याची गोणी फोडू नका

नमस्कार. आपल्या पोफळीच्या बागेतील मातीचा सामू, म्हणजेच पीएच, ५.२ आला आहे, तो ‘फक्त १.८ ने’ कमी आहे, तेव्हा तो ७ वर आणण्यासाठी झाडामागे किती कळीचा चुना (चुनखडी भाजून केलेला चुना) घालावा, असे आपण विचारले आहे. गुहागर तालुक्यातील आमच्या जांभ्याच्या जमिनीत मीही नेमके हेच गणित मांडले होते, म्हणून सविस्तर लिहितो. आम्ल, आम्लारी आणि उदासीन ७ हे आपण शाळेत शिकलाच असाल. मी रसायनशास्त्राचा पदवीधर नाही, बागायतदार आहे, एवढे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

‘फक्त १.८’ हा हिशेबच फसवा आहे. सामूची ही मोजपट्टी डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली, आणि तिची प्रत्येक पायरी दसपटीची आहे. त्यामुळे ७ च्या तुलनेत ५.२ ला हायड्रोजन आयनांचे प्रमाण सुमारे ६३ पट असते. मात्र मला सर्वांत महाग पडलेली चूक ही नव्हे. सामू आम्लाची तीव्रता सांगतो, साठा सांगत नाही, हे मला कळले नव्हते. आगळाचा, म्हणजे कोकमाच्या आंबट रसाचा, थेंब जिभेवर ठेवला तर आंबटपणा कळतो, बाटलीत आगळ किती आहे ते कळत नाही. तसेच हे आहे. मातीतल्या पाण्यातील आम्ल चुन्याने मारले, तरी चिकणमातीच्या आणि कुजलेल्या पाल्याच्या कणांना धरून बसलेले हायड्रोजन व ॲल्युमिनियम त्याची जागा भरून काढत राहतात, आणि म्हणून खाडीकाठची रेताड माती व जांभ्याची चिकट माती या दोन्हींचा सामू ५.२ असला, तरी दोन्हींना लागणारा चुना सारखा नसतो.

माझ्या माती परीक्षणाच्या अहवालावर ‘आम्लधर्मी. चुना द्यावा.’ एवढाच शेरा होता. कोणता आणि किती, हे विचारायला मी त्या कार्यालयात दोनदा एसटीने गेलो. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर होते आणि दुसऱ्यांदा ‘त्यात लिहिले आहे की’ असे उत्तर मिळाले. अखेर एका परिचिताने चुनखडीच्या पुडीसाठी सांगितलेले माप मी कळीच्या चुन्याला लावले. १०० किलो शुद्ध चुनखडीचे काम ५६ किलो कळीचा चुना करतो, म्हणजे मात्रा जवळजवळ दुप्पट झाली, आणि तीही सगळी आळ्यात. त्याच दिवशी युरियाही दिला. चुन्यामुळे त्यातील नत्र अमोनिया होऊन उडून गेले, आणि तो वास बागेबाहेरही येत होता. पुढे आळ्यातला सामू ८ च्या वर गेला, झाडांना लोह मिळेनासे झाले आणि नवी पाने शिरा हिरव्या, बाकी पिवळी अशी येऊ लागली. ती रोपे सावरायला दोन पावसाळे गेले.

माझे स्पष्ट मत असे की, ७ चा हट्टच सोडावा. आपल्याकडच्या पावसात कॅल्शियम व मॅग्नेशियम धुपून जातच राहणार. सामू साधारण ५.५ च्या वर गेला की ॲल्युमिनियमचा त्रास बराच कमी होतो, आणि ६ च्या आसपास पुष्कळ पिके सुखाने वाढतात. प्रयोगशाळेत ‘चुन्याची गरज’ ही वेगळी चाचणी असते, तिची लेखी मागणी करावी. कळीच्या चुन्याऐवजी चुनखडीची पूड घ्यावी, ती हप्त्याहप्त्याने मातीत मिसळावी, आणि युरिया काही आठवडे लांब ठेवावा. (अर्थात, आपली माती मी पाहिलेली नाही.)

खिशातले पेनसारखे मीटर घेणार असाल, तर सामू ४ आणि ७ च्या प्रमाण द्रावणांत (ज्यांचा सामू आधीच ठाऊक असतो अशा द्रावणांत) जुळवून घेतल्याशिवाय त्याच्या आकड्यावर विसंबू नये. हळदीची पट्टी तर इथे निरुपयोगीच, कारण हळद चुन्याने लाल होते, पण आम्लात पिवळीच राहते.

एक विचारायचे राहिले: नमुना कोठून घेतला होता? आळ्यात चुलीची राख टाकण्याची सवय असेल तर तिथला आकडा बाकीच्या बागेपेक्षा वर येतो, म्हणजे उरलेली जमीन ५.२ पेक्षाही अधिक आम्ल असू शकेल.