लॅब्राडोर टी आणि रेनडिअर लायकेन ओळखताना

कॅनडातल्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या थराच्या दलदलीत पहिल्यांदाच जातोयस ना, मग आधी पान उलटून बघ. लॅब्राडोर टी या झुडपाच्या पानाच्या कडा आत वळलेल्या असतात, खालून गंजाच्या रंगाची दाट लव असते. चुरडलं की उग्र वास येतो. खालची बाजू पांढरी निघाली तर ते बॉग लॉरेल हे विषारी झुडूप असू शकतं, त्यामुळे पान तोंडात घालू नकोस.

उंचवट्यावरचं राखाडी, फांद्याफांद्यांचं रेनडिअर लायकेन ही वनस्पतीच नव्हे. बुरशी आणि शैवालाचा तो एकत्र संसार, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचा नातलग! मूळ नाही, फूल नाही. वर्षाला जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर वाढतं. सुकलेलं असेल तर पायाखाली चुरा होतो. वळसा घालून जा.