लीड्सला येतेयस, तर...

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. तू आणणार असलेल्या सामानाच्या यादीचा फोटो पाहिला. त्यात तुझं आणि आईचं अशी दोन अक्षरं आहेत, आणि कुठली वस्तू कोणी घुसडली तेही कळतंय.

आधी त्या यादीचा निकाल लावू. तूप, पेढे, खव्याची बर्फी काढून टाक. भारतातून दूधदुभत्याचे पदार्थ आणि मांस इथं इंग्लंडात आणायला बंदी आहे, विमानतळावर सापडलं तर काढून घेतात. कढीपत्त्याची ताजी पानंही नकोत. गोडा मसाला, मेतकूट, कोरड्या चटण्या खुशाल आण, छोटा कुकर आण. डाळी, पोहे, आटा, मिरच्या इथं मिळतात. कोथिंबिरीची जुडी हवी असेल तर जवळच ब्रॅडफर्ड आहे, ट्रेननं अर्ध्या तासाच्या आत पोचतेस. सुपरमार्केटात चार काड्या प्लास्टिकमध्ये घालून विकतात, त्यांच्या नादी लागू नकोस. दात मात्र निघण्याआधी दाखवून घे आणि चष्म्याच्या दोन जोड्या आण. व्हिसाबरोबर वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरलायस, त्यात डॉक्टर आणि हॉस्पिटल येतं. दातांचे आणि डोळे तपासायचे पैसे साधारणपणे वेगळे द्यावे लागतात, आणि सरकारी दरातला दाताचा डॉक्टर मिळणं ही एक साधनाच आहे. आल्याच्या पहिल्या आठवड्यात घराजवळच्या जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदव. आजारी पडल्यावर नोंदवायला जाऊ नकोस.

आता मुद्द्याचं. पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस की इथल्या लोकांचं रोजचं जगणं बघायचंय, नुसती डिग्री घेऊन परत यायचं नाही. हे लिहिणारी मुलं पुष्कळ भेटतात. मग सप्टेंबरात पाच भारतीय मुलींबरोबर घर घेतात, ऑक्टोबरात दिवाळीची तयारी, डिसेंबरात असाइनमेंट, मे महिन्यात परीक्षा, उन्हाळ्यात प्रबंध आणि नोकरीचे अर्ज. एडिंबरा आणि लंडनचे फोटो असतात, पण एकाही इंग्रज माणसाचं नाव वर्षभरात तोंडात बसलेलं नसतं. आपल्या माणसांत राहू नकोस असं मी म्हणत नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे, ते उगाच नाही. परदेशात आपल्या बोलीत भांडायलाही माणूस लागतं. फक्त आठवड्यातले दोन-तीन तास त्याच्या बाहेर काढ.

ते कुठे काढायचे, हे नीट समजून घे. आपल्याकडे शेजारीण पहिल्याच दिवशी वाटीभर आमटी घेऊन दारात येते आणि पगार किती तेही विचारते. इथं तसं कोणी येणार नाही. त्याला तुसडेपणा समजू नकोस. समोरासमोर बसून ओळख करून घेणं या लोकांना अवघड जातं. हाताला काहीतरी काम असलं आणि शेजारी उभं राहायला निमित्त असलं की तोंड उघडतं. तेही पहिल्या भेटीत नाही. तोच चेहरा, त्याच ठिकाणी, त्याच वेळी पुन्हा पुन्हा दिसला पाहिजे. म्हणून दहा ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा एकाच ठिकाणी दर आठवड्याला जा.

माझं ऐकशील तर पार्करनपासून सुरुवात कर. दर शनिवारी सकाळी नऊला पाच किलोमीटर धावायचं किंवा चालायचं, पैसे नाहीत. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कात तेरा धावणाऱ्यांनिशी हे सुरू झालं, आता देशभर आहे. विद्यापीठाजवळच्या वुडहाऊस मूरवर होतं, तुझ्या खोलीवरून चालत जाशील. पळता येत नाही ही सबब चालणार नाही. सगळ्यांच्या मागे एक स्वयंसेवक मुद्दाम चालत असतो, त्यामुळे शेवटचा नंबर कधीच आपला नसतो. पण खरी गंमत धावण्यात नाही, स्वयंसेवक होण्यात आहे. झगझगीत जाकीट घालून अंतिम रेषेपलीकडे उभं राहायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात नंबराचं टोकन ठेवायचं. हात गारठलेले, समोर लालबुंद धापा टाकणारी माणसं, त्यात निवृत्त शिक्षक, बाबागाडी ढकलत धावणारा बाप, कुत्र्याला पट्ट्यानं बांधून आलेली बाई. त्या अवस्थेतही प्रत्येक जण टोकन घेताना आभार मानतो. चौथ्या-पाचव्या शनिवारी कोणीतरी म्हणेल, आम्ही कॉफीला जातोय, येतेस का? तेव्हा अभ्यास आहे म्हणून टाळू नकोस. त्या टेबलावर घराची छपरं, मुलांच्या शाळा, डॉक्टरची अपॉइंटमेंट न मिळणं, बसचा उशीर यावर जे बोलणं चालतं, तेच तुला बघायचं असलेलं रोजचं जगणं.

दुसरा पर्याय चॅरिटी शॉपचा. लोकांनी दान केलेल्या वस्तू विकून संस्थेसाठी पैसा उभा करणारी ही दुकानं प्रत्येक बाजारपेठेत आहेत. लीड्सच्या हेडिंग्ली भागातल्या रस्त्यावरही दिसतील. मागच्या खोलीत पिशव्या उघडायच्या, कपड्यांना वाफेची इस्त्री करायची, किंमत लावायची. एका सकाळच्या पिशव्यांमधून इंग्रज घराची जेवढी माहिती मिळते तेवढी संग्रहालयातून मिळणार नाही: न वापरलेले चहाचे सेट, कोडी सोडवायचे डबे आणि आजोबा गेल्यावर एकगठ्ठा आलेले त्यांचे सगळे टाय. फक्त तिथं नाव घालण्याआधी विद्यापीठाच्या व्हिसा कचेरीत एकदा विचारून घे.

एप्रिल उजाडला की क्रिकेट क्लब. लीड्स ज्या यॉर्कशर परगण्यात आहे, तिथं गावोगावी मैदानं आहेत. यॉर्कशर कौंटीच्या संघानं बाहेरचा खेळाडू घ्यायचा नाही हा जुना हट्ट सोडून १९९२ मध्ये पहिला परदेशी खेळाडू घेतला तो आपला सचिन, एकोणीस वर्षांचा. इथल्या म्हाताऱ्यांशी बोलायला एवढं भांडवल पुरतं. तू लहानपणी भावाच्या मॅचची वही भरायचीस, असं तुझी आई सांगते. छोट्या क्लबांना स्कोअरर सहसा मिळत नाही. नीट वही भरणारी मुलगी मिळाली तर तुला चहा, सँडविच आणि केक घालून घालून खूष ठेवतील.

बोलण्याचालण्याबद्दल थोडंसं. दुकानात कोणी बरी आहेस ना विचारलं तर तब्येतीचा अहवाल द्यायचा नसतो, उलट तेच विचारून पुढे जायचं. बसमधून उतरताना ड्रायव्हरचे आभार सगळे मानतात, तूही मान. कधीतरी घरी यायला हवं हं, एवढंच कोणी म्हणालं तर ते आमंत्रण नव्हे. वार आणि वेळ सांगितली की आमंत्रण. मग सातचं असेल तर सात ते सव्वासातच्या मध्ये पोच, चॉकलेटचा डबा किंवा फुलं ने, आणि मांस खात नसशील तर आधीच सांग. ताटावर बसल्यावर सांगितलंस तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं. तुझे मार्गदर्शक प्राध्यापक कामाबद्दल हळूच म्हणतील, इथं कदाचित आणखी थोडा विचार करता येईल. त्याचा अर्थ तो भाग पुन्हा लिही. आमच्याकडची कित्येक हुशार मुलं ही नुसती सूचना समजून सोडून देतात आणि निकालाच्या दिवशी रडतात.

पबला जाऊ नकोस असं आई सांगेल, मी जा म्हणते. दारू प्यायची सक्ती नाही, लाइम-सोडा मागितलास तर कोणी वळूनही बघत नाही. टेबलावर वेटर येईल म्हणून बसून राहू नकोस. काउंटरवर जाऊन सांगायचं, पैसे तिथंच द्यायचे. चारजणी गेलात तर प्रत्येकीनं आळीपाळीनं सगळ्यांचं आणायचं असतं. आपली पाळी चुकवणारीला कोणी काही बोलत नाही, पण पुढच्या वेळी बोलावतही नाहीत.

घराचं बघताना डोळे उघडे ठेव. इंग्लंडमध्ये बहुतेक भाड्याच्या घरांची अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, आणि मालकानं ती तीस दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवावी लागते. त्याचा कागद माग. आत शिरल्या दिवशी प्रत्येक भिंतीचे, गालिच्यावरच्या प्रत्येक डागाचे फोटो काढून मालकाला ईमेल कर. हिवाळ्यात कपडे खोलीतच वाळत घातलेस आणि खिडकी उघडलीच नाहीस तर भिंतीला काळी बुरशी येते, आणि मग ती कोणाची चूक यावर वाद. फोडणी करताना स्वयंपाकघराचं दार बंद ठेव, पंखा लाव. हिंग-मिरचीचा धूर कॉरिडॉरमधल्या अलार्मपर्यंत गेला की रात्री साडेनऊला अख्खी इमारत पायजम्यावर, कुडकुडत बाहेर. कोणी काही म्हणणार नाही, पण सगळ्यांना वास येत असतो. आणि काही शहाणे अलार्मवर पिशवी बांधतात, तसलं काही करू नकोस.

कामाचं एवढंच: सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास, त्याच्या वर एक मिनिटही नाही. जेवण पोचवणाऱ्या अ‍ॅपवर कोणाचं तरी खातं भाड्यानं घेऊन काम करायचा सल्ला तुला पहिल्याच महिन्यात मिळेल, बहुधा मराठीतच. ते बेकायदा आहे. विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा धंदा करता येत नाही आणि ते काम त्यातच मोडतं. व्हिसा जाईल, सल्ला देणारा जाणार नाही.

डिसेंबरात इथं पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. लायब्ररीत बसून दुपार गेली की आठवडाभर ऊन दिसत नाही आणि मन विनाकारण खचतं. जेवणाच्या सुट्टीत बाहेर पड, पाऊस असला तरी. लीड्स-लिव्हरपूल कालव्याच्या काठानं कर्कस्टॉलच्या जुन्या मठापर्यंत चालत जाता येतं. २५ डिसेंबरला ट्रेन नसते, बसही जवळजवळ नाही, मोठी दुकानं कायद्यानंच बंद. आदल्या दिवशी दूध-भाजी भरून ठेव. त्या दिवशी कोणी जेवायला बोलावलं तर मात्र काहीही झालं तरी जा. कागदी मुकुट घालून म्हातारी माणसं पत्ते खेळताना बघायला मिळतील, आणि त्यांच्या घरातली भांडणंही. आपल्यासारखीच असतात, फक्त आवाज खालचा.

शेवटी एक गोष्ट, जी बहुतेक भारतीय मुलांना परत जाईपर्यंत माहीत नसते. तुला इथं मत देता येतं. कॉमनवेल्थ देशाची नागरिक, कायदेशीर वास्तव्य, एवढं पुरतं, पार्लमेंटच्या निवडणुकीतसुद्धा. तुझ्या चिनी किंवा अमेरिकन वर्गमैत्रिणीला हा हक्क नाही. एकेकाळी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणारे दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून अगदी काठावर निवडून आले होते, तेव्हा हे आपल्याला नवीनही नाही. ऑनलाइन नाव नोंदवायला पाच मिनिटं लागतात. स्थानिक निवडणुका असल्या तर बहुधा मे महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी, सकाळी सात ते रात्री दहा. केंद्र एखाद्या शाळेत नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये असतं. लांब टेबलामागे दोघं बसलेले, पुढ्यात नावांची कागदी यादी आणि पट्टी. ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. बोटाला शाई नाही, यंत्र नाही. दोरीला बांधलेली आखूड पेन्सिल, एक फुली, घडी, काळी पेटी. दाराबाहेर मालकाची वाट बघत बसलेली कुत्री. जाण्याआधी आठवडाभर दारात पत्रकं पडतात ती वाच. त्यात कचऱ्याचे डबे उचलायचे वार, रस्त्यातले खड्डे, बंद पडलेली बस, विद्यार्थ्यांच्या रात्रीच्या गोंगाटाच्या तक्रारी असं सगळं असतं. त्या शेवटच्या मुद्द्यात तूही आहेस. उमेदवार किंवा त्याचा माणूस दार ठोठावेल तेव्हा आपण परदेशी म्हणून दार लावून घेऊ नकोस, त्याला विचार की आमच्या गल्लीतल्या दिव्यांचं काय. मतदार यादीत नाव आहे कळल्यावर तो तुझं पूर्ण ऐकून घेईल.

तिकीट काढलंस की कळव. मँचेस्टरला उतरणार असशील तर विमानतळावरून लीड्सला थेट ट्रेन आहे, टॅक्सीवर पैसे उधळू नकोस. तिकीट आधी ऑनलाइन काढ, पण विमान उशिरा आलं तरी चालेल असं, कुठल्याही गाडीला चालणारं काढ. ठरावीक गाडीचं स्वस्त पडतं म्हणून भुलू नकोस. मी स्टेशनवर येते.

तुझी,
मावशी