हव्या त्याच सिग्नलला दाबणारा बीमफॉर्मर : माझा अनुभव

बीमफॉर्मरबद्दलचा, म्हणजे अनेक अँटेनांचे सिग्नल जोडून हव्या दिशेचाच सिग्नल ऐकणाऱ्या पद्धतीबद्दलचा, आपला प्रश्न वाचताना माझाच जुना त्रास आठवला. अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने सरळ रांगेत मांडलेल्या १६ अँटेना, सिम्युलेशनमध्ये सारे सुरळीत, पण प्रत्यक्ष यंत्रणेवर ट्रान्समीटर जसजसा जवळ आणावा तसतसे आउटपुट बिघडत जाते, आणि एप्सिलॉन (चुकीसाठी ठेवलेली मोकळीक) ५ केला की सॉल्व्हर (उत्तर शोधणारा प्रोग्रॅम) 'उत्तर अस्तित्वात नाही' म्हणून हात वर करतो, असे आपण लिहिले आहे. एमव्हीडीआरची (हव्या दिशेचा सिग्नल तसाच ठेवून बाकीचे आउटपुट किमान करणाऱ्या बीमफॉर्मरची) मूळ मांडणी आपल्याला ठाऊक आहे असे धरून चालतो.

सॉल्व्हरचे म्हणणे बरोबर आहे. व्होरोब्यॉव्ह, गर्शमन आणि लुओ यांनी २००३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत, गृहीत स्टीअरिंग व्हेक्टरभोवती (हव्या दिशेचा सिग्नल प्रत्येक अँटेनावर कसा पोचतो ते सांगणाऱ्या आकड्यांच्या रांगेभोवती) एप्सिलॉन त्रिज्येचा गोल घेऊन त्यातील प्रत्येक व्हेक्टरला किमान १ इतका प्रतिसाद मिळावा अशी अट असते. १६ अँटेनांच्या व्हेक्टरची लांबी ४ (१६ चे वर्गमूळ) असते. त्रिज्या ५ घेतली की गोलात शून्य व्हेक्टरही येतो आणि शून्याला १ इतका प्रतिसाद देणे कोणालाच शक्य नाही. ट्रान्समीटर जवळ आल्यावर होणारा बिघाडही याच कुळातला आहे. कोव्हेरिअन्स मॅट्रिक्समध्ये (अँटेनांवरील सिग्नलांचा परस्परसंबंध सांगणाऱ्या तक्त्यात) हवा असलेला सिग्नल मिसळलेला असतो, गृहीत दिशा किंवा फेज (तरंगाची कला) जराशी चुकलेली असते, आणि बीमफॉर्मर आपल्याच माणसाला परका समजून दाबून टाकतो. सिग्नल जितका बलवान, तितका तो अधिक नेटाने दाबला जातो. अँटेनांच्या दुप्पट स्नॅपशॉट (एकाच क्षणी सर्व अँटेनांवर घेतलेले नमुने) पुरतात हा १९७४ पासूनचा नियम सिग्नलविरहित नमुन्यांसाठी आहे, ही गोष्ट पुष्कळजण विसरतात.

आता माझी चूक सांगतो, कारण तिने माझे दोन महिने खाल्ले. माझा अ‍ॅरे ८ अँटेनांचा होता आणि त्याचे कॅलिब्रेशन एका मोजमाप प्रयोगशाळेकडून करून घेतले होते. तिचे नाव घेत नाही. आलेल्या तक्त्यात सगळ्या फेज पहिल्या पोर्टच्या (अँटेनाच्या जोडणीच्या) सापेक्ष दिल्या होत्या. माझ्या टेबलावरच्या चाचणीत उरलेल्या सातही अँटेना सुमारे ४० अंशांनी चुकलेल्या दिसल्या. त्यावरून मी त्रुटीची (खऱ्या आणि गृहीत व्हेक्टरमधील फरकाची) लांबी १.८ काढली, थोडी सवलत ठेवून एप्सिलॉन २ घेतला (मर्यादा २.८३ होती), आणि व्यत्यय आणणाऱ्या सिग्नलच्या दिशेची खोल दरी (जिथे प्रतिसाद शून्याजवळ जातो) जवळजवळ बुजून गेली. एप्सिलॉन मर्यादेकडे सरकवत नेला की उत्तर साध्या डिले-अँड-सम (दिशेनुसार विलंब जुळवून फक्त बेरीज करणाऱ्या) बीमफॉर्मरकडे झुकते. मग ऑप्टिमायझेशनचा खटाटोप कशासाठी? त्या काळात मी सात निर्दोष अँटेनांचे कनेक्टर एकेक करून बदलत बसलो होतो.

चूक एकाच जागी होती. मोजताना पहिल्या पोर्टला त्यांनी स्वतःची लांब केबल लावली होती आणि अहवालात तिचा उल्लेखच नव्हता. मूळ मोजमापे मागितली, तर 'अहवाल दिला आहे' एवढेच उत्तर तीनदा आले. मात्र दोष सगळा त्यांच्यावर ढकलता येणार नाही. सर्व अँटेनांना समान असलेला फेज बीमफॉर्मरला काडीचाही फरक करत नाही, तो आधी काढून टाकायचा असतो, हे मला सुचायला हवे होते. तो काढल्यावर त्याच त्रुटीची लांबी १.८ वरून ०.६५ वर आली.

आपल्या अ‍ॅरेतही हे तपासावे. समोरच्या दिशेपासून केवळ २ अंशांची चूक धरली आणि संदर्भबिंदू (जिथे फेज शून्य धरतात तो) पहिल्या अँटेनावर ठेवला, तर त्रुटीची लांबी सुमारे ३.६ भरते, तोच बिंदू रांगेच्या मध्यावर नेला तर जवळपास २. म्हणजे मर्यादेच्या ९० टक्क्यांऐवजी निम्मी. याउलट प्रत्येक अँटेनातील १० अंशांची स्वतंत्र फेजचूक फक्त ०.७ इतकीच जागा घेते. दिशेची चूक मोठी असेल, तर तिच्यासाठी गोल फुगवू नये असे माझे ठाम मत आहे. लॉरेन्झ आणि बॉइड यांच्या २००५ च्या पद्धतीतला लंबगोल वापरावा, कारण ही चूक ठरावीक दिशेनेच पसरते आणि गोल उगाच सगळीकडे जागा अडवतो. नॉइजच्या दहापट डायगोनल लोडिंग (कोव्हेरिअन्स मॅट्रिक्सच्या कर्णावर ठरावीक आकडा मिळवणे) लावून मोकळे होणारे लोक मला भेटतात. वर्स्ट-केस, म्हणजे वरच्या गोलाच्या पद्धतीचे, उत्तर हेही शेवटी डायगोनल लोडिंगच असते, फक्त त्याचा आकडा त्रुटीवरून ठरतो, अंदाजाने नव्हे.

हे सारे अरुंद वारंवारता-पट्ट्याच्या सरळ रांगेपुरते आहे. रुंद पट्ट्यासाठी मी काही सांगू शकणार नाही. जाता जाता, सीव्हीएक्स (ऑप्टिमायझेशनचे सॉफ्टवेअर) वापरत असाल तर कोव्हेरिअन्स मॅट्रिक्स आधी तिच्या ट्रेसने (कर्णावरील आकड्यांच्या बेरजेने) भागून घ्यावी आणि तिचे चोलेस्की विघटन (त्रिकोणी मॅट्रिक्सच्या गुणाकारात फोड) करून उद्दिष्ट नॉर्मच्या (व्हेक्टरच्या लांबीच्या) रूपात लिहावे, म्हणजे सॉल्व्हरच्या निम्म्या कुरबुरी थांबतात. आणि नव्याने मोजमाप कराल तेव्हा प्रत्येक केबलला क्रमांकाची चिठ्ठी चिकटवून तिच्यासकट फोटो काढून ठेवावा. एप्सिलॉन १ घेऊन काय आकडे येतात ते इथे कळवावे, मग पुढचे पाहू.